किलोमागे किती डिझेल?

(तंजावूर येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



तंजावूर म्हटले की मराठी माणसाला कावेरी आठवते, भाताची खाचरे आठवतात, बृहदीश्वराचे शिखर आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. या जिल्ह्याला समुद्रही आहे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पण व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात जे राज्य घेतले आणि ज्याची गादी १८५५ पर्यंत भोसल्यांच्या घराण्याकडे राहिली, त्याची पूर्वेची हद्द समुद्रच होती. रामेश्वराच्या वाटेवर या राजांनी यात्रेकरूंसाठी छत्रे बांधली. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ दुसऱ्या सरफोजीराजांनी उभारलेला मनोराही याच किनाऱ्यावर आहे. त्या मनोऱ्याच्या परिसरातली मल्लिपट्टिणम आणि सेतुबावाछत्रम ही आज यांत्रिक मासेमारीची गावे आहेत. आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे तिथल्या बोटी जाळतात ते डिझेल. विषय रुक्ष वाटेल. पण समुद्र, सरकार आणि मच्छीमाराचे घर या तिघांचा हिशेब ज्या एका आकड्यात एकत्र येतो, तो आकडा म्हणजे एक किलो मासळी किनाऱ्यावर आणायला किती डिझेल लागले. माझे म्हणणे थोडक्यात असे की, मासेमारीतले इंधन वाचते की वाया जाते हे इंजिनाच्या खोलीत फार थोडे ठरते. पाण्यात मासा किती उरला आहे, तो कोणत्या रीतीने धरला जातो आणि सरकार नेमके कशासाठी पैसे देते, या तीन गोष्टींवर ते ठरते. त्यामुळे नुसते चांगले इंजिन देऊन हा प्रश्न सुटणार नाही.

आधी आकडे पाहू. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली ‘करंट सायन्स’मध्ये भारताच्या सागरी मासेमारीचा कार्बनचा हिशेब मांडला. १९६१ साली आपल्या मासेमारी बोटी वर्षाला सुमारे तीन लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडत होत्या. २०१० साली तो आकडा ३६ लाख टनांवर गेला. एक टन मासळीमागचे उत्सर्जन याच काळात अर्ध्या टनावरून १.०२ टनांवर पोचले. म्हणजे पन्नास वर्षांत धूर बारापट झाला आणि मासळी जेमतेम सहापट. शिडाच्या होड्यांची जागा यंत्राने घेतली हे यामागचे एक उघड कारण आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. वल्ही मारून कुणाचे हात सोलून निघावेत असे कुणीच म्हणणार नाही. पण त्याच अभ्यासातला पुढचा तपशील जास्त बोलका आहे. बाहेर मोटर लावलेल्या लहान होड्या टनामागे ०.५९ टन कार्बन डायऑक्साइड सोडतात, आत इंजिन बसवलेल्या यांत्रिक बोटी १.१८ टन आणि त्यांतले ट्रॉलर १.४३ टन. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या मापाने ट्रॉलरच्या एक किलो मासळीमागे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक डिझेल पडते, तर लहान होडीला त्याच्या निम्म्याहून कमी इंधन पुरते. दोन्ही बोटी एकाच समुद्रात जातात, एकाच लिलावात मासळी विकतात. तरी एकीचा खर्च दुसरीच्या दुपटीहून जास्त.

हा फरक का पडतो, हे समजायला ट्रॉलर काम कसे करतो ते जवळून पाहायला हवे. ट्रॉलचे जाळे म्हणजे नरसाळ्यासारखी लांबच लांब पिशवी. तिचे तोंड उघडे राहावे म्हणून दोन्ही बाजूंच्या दोरांना जड फळ्या बांधलेल्या असतात. बोट पुढे जाते, पाण्याचा दाब या फळ्यांना एकमेकींपासून दूर ढकलतो, तोंड उघडते आणि खालची जड दोरी समुद्राचा तळ खरवडत जाते. बोटीचा वेग असतो ताशी दोन-तीन सागरी मैल, म्हणजे माणसाच्या चालण्याइतका. पण इंजिन मात्र पूर्ण जोरावर चाललेले असते. कारण ताकदीचा मोठा वाटा बोट पुढे नेण्यात जात नाही, तो जाळे, फळ्या आणि त्यांच्यामागे उसळणारा चिखल ओढण्यात जातो. दोन-तीन तासांनी जाळे वर येते तेव्हा डेकवर कोळंबी, खेकडे, माकूळ, बारीक मासे, शिंपले आणि गवत यांचा एकच ढीग पडतो. खलाशी त्यातून निर्यातीची कोळंबी वेगळी काढतात, बाजाराची मासळी वेगळी काढतात, आणि उरलेली बारीक मासळी मत्स्यचूर्णाच्या कारखान्याकडे, तिथून कोंबडीच्या खाद्यात जाते. डिझेल मात्र सगळ्याच ढिगासाठी सारखेच जळलेले असते.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. टायडमर्स, वॉटसन आणि पॉली यांनी २००५ साली काढलेल्या अंदाजानुसार २००० साली जगाच्या मासेमारी ताफ्याने सुमारे ५० अब्ज लिटर इंधन जाळून आठ कोटी टन मासळी आणली, म्हणजे टनाला सहाशे लिटरच्या वर. त्या मासळीतल्या प्रथिनांतून जेवढी ऊर्जा मिळाली, तिच्या साडेबारापट ऊर्जा इंधनात खर्ची पडली. पण या सरासरीच्या पोटात जमीन-अस्मानाचा फरक आहे. थव्याने फिरणारे तारली-बांगड्याच्या जातीचे मासे घेरून धरले, तर टनाला शंभर लिटरहूनही कमी इंधनात भागते. तळावरची कोळंबी खरवडून आणायची तर टनाला काही हजार लिटरही लागू शकतात. २०१८ च्या एका जागतिक अभ्यासात असे आढळले की, कोळंबी-खेकड्यांसारख्या कवचधारी जीवांचा मासळीतला वाटा सहा टक्के आणि इंधनाच्या धुरातला वाटा मात्र २२ टक्के आहे. १९९० ते २०११ या काळात जगाच्या मासेमारीचा धूर २८ टक्क्यांनी वाढला. मासळी जवळजवळ होती तेवढीच राहिली. या एकवीस वर्षांत इंजिने नक्कीच सुधारली होती. तरीही किलोमागचे इंधन वाढलेच, कारण कोळंबीच्या मागे लागलेल्या बोटी वाढल्या.

उलट उदाहरण आपल्याच कोकणात आहे. वसई, उत्तन, सातपाटी या भागात कोळी बांधव बोंबील धरायला डोल लावतात. समुद्रात खुंट रोवून जाळे बांधले जाते आणि भरती-ओहोटीचा प्रवाह पाण्याबरोबर मासळी त्यात आणून सोडतो. बोटीला फक्त जायचे, जाळे उचलायचे आणि परत यायचे एवढेच इंधन लागते. ओढण्याचे काम भरती करते. वर सांगितलेल्या भारतीय अभ्यासात डोलीच्या बोटी ट्रॉलरपेक्षा कमी धूर सोडणाऱ्या गटात आहेत, यात नवल नाही. डोलीचेही दोष आहेत. बारीक आसाच्या डोलीत पिल्ले अडकतात ही तक्रार खरी आहे. तरी एवढे सिद्ध होते की ऊर्जेची बचत ही नवी तंत्रविद्या असण्याची गरज नसते. समुद्राचे बळ कुठे वापरावे, हे जुन्या रीतींना चांगले ठाऊक होते.

आता पाण्यात मासा किती आहे हा मुद्दा. ब्रिटनच्या ट्रॉल मासेमारीच्या १८८९ पासूनच्या नोंदी तपासून २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शिडाच्या ट्रॉलरपासून संगणकाने चालणाऱ्या ट्रॉलरपर्यंतचा हा प्रवास आहे. त्यात आढळले की, ११८ वर्षांत मासेमारीच्या ताकदीच्या एका एककामागे मिळणारी तळाची मासळी ९४ टक्क्यांनी घटली. एकोणिसाव्या शतकातला शिडाचा ट्रॉलर जितक्या सहज मासळी आणत होता, तितकी आणायला आजच्या बोटीला सतरापट जोर लावावा लागतो. अशा समुद्रात इंजिन दहा टक्के चांगले करून काय होणार? मासे दाट असले की पहिल्याच खेपेत जाळे भरते. विरळ झाले की तेवढ्याच मासळीसाठी चार खेपा ओढाव्या लागतात, आणि प्रत्येक खेपेत डिझेल तेवढेच जळते. म्हणून किलोमागचे डिझेल हे समुद्राच्या तब्येतीचे माप मानायला हवे. मासळीच्या आवकेचा आकडा फसवा असू शकतो, कारण जास्त बोटी, जास्त तास, जास्त ताकद लावून तो वर्षानुवर्षे टिकवता येतो. डिझेलचा आकडा अशी लपवाछपवी करू देत नाही.

ही सगळी कारणे पाल्कच्या उपसागरात, म्हणजे भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या, मल्लिपट्टिणमसमोरच्या पाण्यात, एकवटलेली दिसतात. हे पाणी बहुतेक ठिकाणी पंधरा मीटरहून उथळ आहे, तळाला समुद्री गवताची कुरणे आहेत. त्या गवतावर जगणाऱ्या डुगाँग या सागरी सस्तन प्राण्यासाठी तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये तंजावूर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत ४४८ चौरस किलोमीटरचे संरक्षण क्षेत्र जाहीर केले, देशातले पहिले. अशा उथळ, गवताळ पाण्यात ट्रॉल आला तो धोरण म्हणून. १९५३ मध्ये केरळात नींडकरा येथे भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला, यांत्रिक बोटींना सरकारी पाठबळ मिळाले, आणि साठच्या दशकात गोठवलेल्या कोळंबीला परदेशी बाजार मिळाल्यावर दोन्ही किनाऱ्यांवर ट्रॉलर वाढत गेले. श्रीलंकेतल्या यादवीच्या काळात तिकडच्या उत्तर किनाऱ्यावरील मच्छीमारांवर समुद्रबंदी होती. त्या मोकळ्या पाण्यात आपले ट्रॉलर मुक्तपणे फिरले. २००९ मध्ये युद्ध संपले, तिकडचे मच्छीमार परतले, आणि संघर्ष उभा राहिला. जुलै २०१७ मध्ये श्रीलंकेने तळाचे ट्रॉलिंग कायद्याने बंद केले. आज आपल्या बाजूचे पाणी ओरबाडलेले आहे, पलीकडे गेले तर अटक आणि बोट जप्त. ज्या वेळी मासा विरळ आणि पाणी चिंचोळे, त्याच वेळी डिझेलही महाग, असा हा तिहेरी पेच आहे.

या पेचातून मार्ग काढायला पाल्कच्या किनाऱ्यावर एक नियम फार दिवसांपासून आहे: आठवड्यातले तीन दिवस ट्रॉलरांचे, चार दिवस नाट्टुपडगूंचे, म्हणजे देशी होड्यांचे. भांडणे मिटवायला हा तोडगा उपयोगी पडला. पण ऊर्जेच्या बाजूने पाहिले तर त्यात एक खोट दिसते. नियमाने वेळेला बांध घातला आणि ताकदीला वाव राहिला. ज्याला आठवड्यातून तीनच फेऱ्या मिळतात, त्याला प्रत्येक फेरीत दुसऱ्याच्या आधी पोचायचे असते, मोठे जाळे ओढायचे असते. म्हणून पुढचे इंजिन मागच्याहून मोठे येते. बोटीला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हा ढोबळ नियम आहे: वेग पाचव्या हिश्श्याने कमी केला तर तासाचे डिझेल जवळपास निम्म्यावर येते आणि तेवढेच अंतर कापायला छत्तीस टक्के इंधन कमी लागते. मग सगळेच सावकाश का जात नाहीत? कारण एकटा सावकाश गेला तर त्याची जागा दुसरा घेतो. शहाणपण सर्वांना कळते. ते परवडण्यासाठी सर्वांना एकाच वेळी बांधणारा नियम लागतो. एप्रिल ते जून अशी ६१ दिवसांची बंदी पूर्व किनाऱ्यावर पाळली जाते ती याच कारणाने: ती सर्व यांत्रिक बोटींना सारखी लागू आहे.

अभियंते इथे हरकत घेतील. बोटीचे बूड घासून शंख-शेवाळ काढा, पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा बसवा, जाळ्याला बारीक पण मजबूत धागा वापरा, फळ्यांचा आकार सुधारा. यांतून पुष्कळ बचत होते. हे सगळे खरे आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने यावर चांगले काम केले आहे. तिने आखलेली आणि गोवा शिपयार्डने बांधलेली ‘सागर हरिता’ ही इंधन वाचवणारी बोट २०१६ मध्ये पाण्यात उतरली. अशा सुधारणा व्हाव्यातच. पण त्या एकट्या पुरतील असे मानणे भाबडेपणाचे आहे. मासा सर्वांचा आणि वाचलेले डिझेल एकट्याचे, अशी व्यवस्था असेल तर वाचलेल्या डिझेलवर बोट आणखी दोन तास जाळे ओढेल. तमिळनाडूत शेतीपंपांना वीज मोफत आहे. त्या पंपांची कार्यक्षमता वाढवली म्हणून भूजल वाचत नाही, हे कावेरीच्या खोऱ्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. जिथे उपशावर मर्यादा नाही, तिथे चांगले यंत्र उपसा स्वस्त करते.

आता सरकार कशासाठी पैसे देते ते पाहू. तमिळनाडूत यांत्रिक बोटींना विक्रीकर माफ केलेले डिझेल ठरावीक मर्यादेपर्यंत मिळते. ऑगस्ट २०२३ मध्ये ही मर्यादा वर्षाला १८ हजार लिटरवरून १९ हजारांवर आणि देशी होड्यांसाठी चार हजारांवरून ४,४०० लिटरवर नेण्याची घोषणा झाली. महाराष्ट्रातही मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत डिझेलवरच्या कराची प्रतिपूर्ती मिळते. हेतू चांगला आहे. पण ही मदत लिटरच्या मापाने मिळते. जो जास्त जाळतो त्याला जास्त मिळते, आणि जो काटकसर करतो तो सवलत सोडतो. याच घोषणेतले आकडे बघा: ट्रॉलरवाल्याच्या वाट्याला देशी होडीच्या चौपटीहून जास्त लिटर येतात. गरिबाच्या नावाने दिलेली मदत मोठ्या इंजिनाच्या टाकीत जास्त जाते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, देशाच्या एकूण इंधनखर्चात मासेमारीचा वाटा नगण्य आहे. रस्त्यावर धावणाऱ्या मोटारी सोडून कोळ्याच्या मागे का लागता? हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच मी हवामानबदलाचा आधार घेऊन बोलत नाही. माझा मुद्दा मच्छीमाराच्या खिशाचा आहे. आपल्या किनाऱ्यांवर बहुतेक ठिकाणी विक्रीतून आधी डिझेल, बर्फ वगैरे खर्च वजा होतो आणि उरलेल्या रकमेचे मालक आणि खलाशी यांच्यात वाटे पडतात. म्हणजे टाकीत गेलेल्या प्रत्येक लिटरचा काही भार जाळे ओढणारा खलाशीही उचलतो, जरी पंपावर पावती मालकाच्या नावाची फाटली तरी. डिझेल महाग झाले, मासा विरळ झाला, की पहिल्यांदा खलाशाचा वाटा आकसतो. इंधनाची काटकसर ही त्याच्या मजुरीची बाब आहे.

दुसरा आक्षेप अन्नाचा. मासळीचा कार्बनचा बोजा बकऱ्या-गुरांच्या मांसापेक्षा कमी आहे, तेव्हा मासेमारीला दोष का द्यावा? तारली आणि बोंबलाच्या बाबतीत हे पूर्ण खरे आहे, आणि म्हणूनच ती मासळी ताटात यावी. पण ट्रॉलने आणलेली कोळंबी त्या पुण्याईवर आपले पाप झाकू शकत नाही. शिवाय त्याच जाळ्यातली बारीक मासळी कोंबडीच्या खाद्यात जाते तेव्हा अर्धा लिटर डिझेल जाळून आपण अन्न आणलेले नसते. खाद्याचा कच्चा माल आणलेला असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: ट्रॉलर बंद केले तर माणसे जाणार कुठे? याचे उत्तर म्हणून २०१७ मध्ये केंद्र आणि राज्य सरकारने पाल्कच्या ट्रॉलरांना खोल समुद्रातल्या ट्यूनाच्या बोटी देण्याची योजना आणली. बोटीची किंमत तेव्हा ८० लाख धरली होती. त्यातला निम्मा वाटा केंद्राचा, २० टक्के राज्याचा, बाकी कर्ज आणि मच्छीमाराचे स्वतःचे पैसे. योजनेचे लक्ष्य दोन हजार बोटींचे होते. प्रत्यक्षात फार थोड्या बोटी उतरल्या. कारण सरळ आहे. लांब दोरीच्या गळांनी ट्यूना धरायला जाळे ओढावे लागत नाही हे खरे, पण मल्लिपट्टिणमहून खोल समुद्र गाठायला दूर जावे लागते, दिवसेंदिवस बाहेर राहावे लागते, बर्फ आणि बाजार वेगळा लागतो. ट्रॉलमध्ये वाचलेले डिझेल अंतरात जाण्याची भीती आहे. म्हणून केवळ बोट बदलण्याच्या योजनेवर माझा भर नाही. पाल्कच्या उथळ पाण्यात कमी बोटी, हलकी जाळी, गळ आणि खेकड्याचे सापळे यांवर जगता येईल अशी मासेमारी उभी करणे हा अधिक स्वस्त मार्ग आहे; आणि गवताची कुरणे सावरली तर मासाही किनाऱ्याजवळ परततो.

मग करायचे काय? तीन गोष्टी, आणि त्या या क्रमाने. पहिली, प्रत्येक बंदरावर दर महिन्याला किलोमागचे डिझेल प्रसिद्ध करा. सवलतीचे डिझेल पंपावरून नोंदून दिले जाते, मासळी लिलावात विकली जाते; दोन्ही आकडे मिळवण्याजोगे आहेत, फक्त कुणी एकमेकांशेजारी ठेवत नाही. दुसरी, मदतीची रक्कम कमी न करता तिचे माप बदला. आज बोटीला जेवढी सवलत मिळते तेवढीच रक्कम ठरावीक अनुदान म्हणून द्या, ती लिटरशी जोडू नका, आणि तिचा एक भाग थेट खलाशांच्या खात्यात जमा करा. त्यानंतर वाचवलेला प्रत्येक लिटर बोटीचाच नफा होईल. जागतिक व्यापार संघटनेत मासेमारीच्या सवलतींवर वाटाघाटी चालू आहेत आणि गरीब मच्छीमारांना संरक्षण हवे ही भारताची भूमिका योग्य आहे; पण अशा अनुदानाने ती भूमिका अधिक ठाम होईल, कारण तेव्हा आपली मदत माणसाला आहे, डिझेलला नाही, हे दाखवता येईल. तिसरी, तीन दिवसांच्या नियमाला इंजिनाच्या ताकदीची मर्यादा जोडा आणि ती कागदावर न ठेवता बोटीत तपासा. ज्यांना बाहेर पडायचे आहे त्यांची बोट सरकारने योग्य किमतीला विकत घेऊन मोडीत काढावी. हा क्रम महत्त्वाचा आहे. आकडा समोर नसताना मर्यादा घातली तर ती जुलूम वाटेल. मदतीचे माप न बदलता आकडा छापला तर तो नुसताच लाज आणणारा ठरेल.

यात मच्छीमारांचा विरोध होईल, होणारच. पण ६१ दिवसांची बंदी हेच लोक दरवर्षी पाळतात, तीन-चार दिवसांची वाटणी हेच लोक वर्षानुवर्षे सांभाळतात. नियम सर्वांना सारखा आणि मोबदला खरा असेल तर समुद्राची शिस्त पाळणारा दुसरा असा समाज सापडणे कठीण आहे. शिस्त शिकण्याची गरज आता धोरण करणाऱ्यांना आहे. त्यांनी मासळीच्या टनांवर समाधान मानणे सोडून किलोमागच्या डिझेलची चौकशी सुरू केली, तर पुढचा प्रत्येक निर्णय, बोटीचा, जाळ्याचा आणि अनुदानाचा, त्याच एका प्रश्नावर तपासता येईल.